चुडा भरणारे हात

लेकीच्या लग्नाचा चुडा भरायला आम्ही सोलापुरातल्या एका बांगडीवालीकडे गेलो होतो. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीची, सावळी, बसली तरी पाठ ताठ. लेकीचा पंजा हळूहळू दाबत ती म्हणाली, "हात ढिला सोड, बाळा."

तेवढ्यात माझ्या नणंदेला बांगडीवालीच्या कोपरांवरचे खपल्यांचे लालसर चट्टे दिसले. नणंदेनं लेकीचा हात झटकन मागे ओढला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बांगडीवाली रागावली नाही. "सोरायसिस हाय, ताई. लागत न्हाय त्यो. लागत असता तर घरात समद्यांना लागला असता की."

नणंद ओशाळली. "मग काही औषध केलंत का?"

"लई केली! कडुलिंबाचा पाला वाटून लावला, कोरफड लावली. दुधनीच्या वैद्याचा काढा प्यायले, तर पोटच बिघडलं. आता डॉक्टरचं मलम लावते, आंगुळ झाली की खोबरेल. कमी हाय, पन जात न्हाय." ती हसली. "लोकांनी जे सांगितलं ते समदं केलं बगा. एकच न्हाय ऐकलं."

"कोणतं?"

"लांब बाहीचं झंपर घाल म्हनायचे. म्हनलं, ह्याच हातांनी शेकडो नवऱ्या सजवल्या. ते झाकू कशाला?"

लेकीनं आपणहून दोन्ही हात तिच्यापुढे केले. बाईनं हिरवा चुडा भरला. एकही बांगडी फुटली नाही.