म्हशीचा चीक ताटात, बाईचा राखेत

बायांनो, आज ब्राह्मणपुरी गावात जे पाहिलं त्याची शिसारी आली, म्हणून घरी येताच लिहायला बसले. वाचून कागद पुढच्या घरी द्या.

जावेची सून काल बाळंत झाली. मी गेले तर जाऊबाई तिचं पहिलं पिवळं दूध पिळून राखेत टाकत होत्या. बाळ रडून लाल झालेलं, तोंडात गुळाच्या पाण्याचा बोळा. विचारलं तर म्हणे, "ते घाण शे. पोरले बाधस."

आणि चुलीवर काय? म्हैस व्यालेली, तिचा चीक गूळ घालून वाफवायला ठेवलेला! मलाही वाटी पुढे केली.

तेवढ्यात शहाद्याच्या नर्सबाई बाळंतिणीला तपासायला आल्या. म्हणाल्या, "साधं दूध तापवून थिजत नाही, चीक थिजतो. अंगाचा कण न् कण ज्याने घडतो, ते प्रोटीन त्यात दाटून भरलेलं असतं. बाईच्या चिकातही तेच असतं."

"म्हणजे रेडकाच्या तोंडचं काढून आपण खायचं, अन् नातवाचं राखेत घालायचं?" मी ओरडलेच. पोर उचललं आणि सुनेच्या छातीशी लावलं. लगेच चुटुचुटु प्यायला लागलं.

सून रडत म्हणाली, "काकी, पहिला पोरना वखतले कोणी काही बोलनं नही."

तो पोरगा आठ दिवसांत गेला होता. त्या वेळी तिचं पिवळं दूध पिळून टाकायला मीच बसले होते.

आता शिसारी कोणाची यावी? तुमच्यातल्या किती जणींनी हेच केलंय, खरं सांगा.