मंदाताईंनी ठेवलेला पॉइंट

आजवर हे माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत नाही. गावी, पासलीला, आईवडील आहेत, त्यांना तर मी नेमकं काय काम करतो हेच नीट कळत नाही — 'पोरगा मशिनीला शिकवतो' एवढंच ते गावात सांगतात. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखीच्या माणसाला सांगायची हिंमत नाही म्हणून? तेच खरं असेल.

सुरुवात कुठून करू? केबलपासून करतो. केबलचं सांगणं सोपं आहे.

भोर तालुक्यात महामार्गालगत आमचा तेव्हाचा कारखाना. ट्रॅक्टरच्या सीटखालच्या फ्रेम बनतात. वेल्डिंगला दोन रोबोट. रोबोट म्हणजे सिनेमातला चालताबोलता माणूस नव्हे — एक लांब लोखंडी हात, टोकाला वेल्डिंगची टॉर्च. शेजारी फ्रिजएवढं कपाट, तो त्याचा कंट्रोलर. हातानं कुठं जायचं, कुठं वळायचं, कुठं थांबायचं ते सगळं त्या कपाटात, प्रोग्रॅमच्या फाईलमध्ये साठवलेलं. त्यातली एकेक जागा म्हणजे एकेक पॉइंट.

हे पॉइंट ठेवायच्या मंदाताई. आंबवड्याच्या. नवऱ्याबरोबर भोरला गेट-ग्रिलच्या दुकानात पंधरा वर्षं वेल्डिंग केलेलं. नवऱ्याची पाठ गेली, दुकान बंद झालं, आणि त्या आमच्याकडे लागल्या. आधी पॅकिंगला, मग हट्टानं रोबोटवर. आमच्याकडे रोबोट चालवणारी ती पहिली बाई. मान तिरकी करून टॉर्चच्या टोकाकडे बघायच्या, पेंडंटवर — म्हणजे रोबोट हलवायच्या रिमोटवर — दोन बटणं दाबायच्या, आणि पॉइंट बसलेला असायचा. मी डिप्लोमावाला. मला त्याच कामाला तीनदा मोजावं लागायचं. त्या हसायच्या नाहीत. फक्त म्हणायच्या, "भाऊ, आगीला जागा सोडा की जरा."

खरं तर मी त्यांच्याकडून शिकलो. हे मी कारखान्यात कधी बोललो का? नाही.

तर केबल. तोवर प्रोग्रॅमची कॉपी आम्ही कार्डावर घ्यायचो. कार्ड कंट्रोलरमध्ये घाला, कॉपी करा, काढा, ऑफिसात आणा. मॅनेजरसाहेबांनी ठरवलं, हे सगळं नेटवर्कवरून व्हायला हवं. ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून फाईल घ्यायची, तिथूनच पाठवायची. काम माझ्याकडे आलं. मी छाती फुगवून फिरलो. छतापासून केबल ओढली, दोन्ही कंट्रोलरना वेगवेगळे पत्ते दिले, पासवर्ड टाकले. दोन दिवस काहीच जुळेना. तिसऱ्या दिवशी दुपारी कळलं, एक आकडा चुकला होता. तो बदलला आणि पहिली फाईल ऑफिसात आली. साहेब मागे उभे होते. म्हणाले, "आता उलटी पाठवून दाखव."

पार्ट संपल्यामुळे दोन नंबरची लाइन त्या दिवशी बंद होती, म्हणून मी तोच रोबोट निवडला. पाठवायला फाईल हवी होती. महिन्यापूर्वी कार्डावरून घेतलेल्या कॉपीचा फोल्डर समोर होता. त्यातली एक उचलली. पाठवली. मला वाटलं ती वेगळ्या जागी जाऊन पडेल. ती सरळ चालू प्रोग्रॅमवर जाऊन बसली. नाव तेच होतं. कंट्रोलरनं विचारलंसुद्धा नाही. पडद्यावर 'पूर्ण' असं आलं, साहेबांनी पाठीवर थाप मारली, आम्ही चहाला गेलो.

आदल्याच दिवशी काय झालं होतं माहीत आहे? दोन नंबरच्या रोबोटला फ्रेम पकडणारा साचा नवा आला होता. त्याचा एक क्लॅम्प जुन्यापेक्षा चार बोटं उंच. मंदाताईंनी अर्धा दिवस खपून तिथला पॉइंट वर घेतला होता. बारा फ्रेम काढून दाखवल्या होत्या, एकही खोट नाही. ते सगळं माझ्या जुन्या फाईलखाली पुसलं गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच फ्रेम. मंदाताईंनी बटण दाबलं. हात फिरला, खाली आला आणि टॉर्च थेट क्लॅम्पवर आदळली. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. टॉर्चची मान मोडली, साचा वाकला. माणसाला काही लागलं नाही. रोबोटभोवतीच्या जाळीच्या कुंपणाबाहेर सगळे उभे होते. मंदाताई तेवढ्या हात वर धरून उभ्या, जणू बटण अजून बोटाखालीच आहे.

मी ऑफिसात पळालो. नोंद उघडली. काल दुपारी, दोन नंबरचा रोबोट, फाईल पाठवली — माझ्या नावानं. मला सगळं कळलं. एका क्षणात कळलं, हे महत्त्वाचं आहे. पुढं जे केलं ते नकळत केलेलं नाही.

नोंद पुसली. साहेबांनी मला फाईल पाठवताना पाहिलं होतं, पण ती जुनी होती आणि कशावर जाऊन बसली हे त्यांना माहीत नव्हतं. मग खाली गेलो.

साहेब मंदाताईंना विचारत होते, सकाळी प्रोग्रॅमला हात लावला होता का? त्या म्हणाल्या, उघडून बघितला होता, बदललं काही नाही. साहेब माझ्याकडे वळले. आणि मी म्हणालो — शब्द अजून तसेच आठवतात — "पेंडंटवरून पॉइंट हलला असावा. घाईत होतं तसं."

घाईत होतं तसं! ज्या बाईनं आयुष्यात घाईनं टाका मारला नाही, तिच्याबद्दल.

साहेब त्यांना काढूनच टाकणार होते. मी मध्ये पडलो. नोकरी ठेवा, पॅकिंगला पाठवा, असं सांगितलं. लोक म्हणाले, चांगला माणूस आहे. साहेबांनी ऐकलं. पण पॅकिंगमधल्या दोघी बायका रोबोट शिकायला नाव देऊन बसल्या होत्या, त्यांची नावं त्याच आठवड्यात खोडली गेली. कारण कुणी लिहिलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या दुपारी मंदाताई माझ्याकडे आल्या. "भाऊ, तुमीच सांगा, म्या पॉइंट वर घेतला व्हता न्हवं? का बघता बघता बोट लागलं माझं? मला तर काईच आठवंना झालंय."

काय सोपं होतं त्या वेळी! एक 'हो' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ताई, होतं कधीकधी. मनाला लावून घेऊ नका."

त्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांना पटलं की चूक त्यांचीच. सहा महिन्यांनी त्यांनी काम सोडलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हेच सांगायचं होतं. मलाही वाटायचं, इथंच थांबावं. घाबरलो, खोटं बोललो — माणूस घाबरतो, लोक समजून घेतात. पण मी जे लपवून ठेवलंय ते याच्या पुढचं आहे.

तीन वर्षं गेली. मागच्या वर्षी मी कामासाठी वेल्ह्याला तहसील कचेरीत गेलो होतो. बाहेर बाजारात मंदाताई भेटल्या. बहिणीकडे आल्या होत्या. मला बघून इतक्या आनंदल्या की मला पळून जावंसं वाटलं. मुलीचं लग्न झालं, नवरा काठी घेऊन चालतो, असं सगळं सांगितलं. मग पिशवीतून एक कागद काढला. भोरला बायकांसाठी रोबोट वेल्डिंगचा वर्ग निघणार होता. शिकवायला हाताचं काम येणारी बाई हवी होती. कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं होतं.

"जाऊ का, भाऊ? तुमाला काय वाटतं? माझ्या हातून तर मशीन मोडलंय. पर आधी आमालाच शिकवनार हायेत म्हनं, दोन महिने. ते केबलनं फाईल पाठवायचं बी."

केबलनं फाईल पाठवायचं. त्या शिकतील. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगेल, जुनी फाईल पाठवली की नवे पॉइंट पुसले जातात. आणि मंदाताई मान तिरकी करून विचार करतील. त्यांना कळायला किती वेळ लागेल? तुम्ही त्यांना ओळखत नाही. मी ओळखतो. एक मिनिट.

या वेळी मागे साहेब नव्हते. नोकरीला धोका नव्हता. मी तो कारखाना कधीच सोडला होता. विचार करायला भरपूर वेळ होता, आणि मी तो घेतला. कागद हातात घेऊन दोनदा वाचल्यासारखं केलं. मग म्हणालो, "बघा ताई. जबाबदारीचं काम आहे. तिथं काही झालं तर पोरीबाळींच्या जिवाशी खेळ. तुमचा हात आता पहिल्यासारखा नाही राहिला."

त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "ते बी खरंच हाय. तुमी म्हनताय तर न्हाई जात."

कागदाची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली. वर मला चहा पाजला. मी नको नको म्हणत होतो, त्यांनी ऐकलं नाही. भोरची एसटी आली तेव्हा मी खिडकीतून रुमाल टाकून त्यांना जागा धरून दिली. शेजारच्या बाईला त्या सांगत होत्या, या भावांनी माझी नोकरी वाचवली होती.

वर्ग सुरू झाला. शिकवायला पुण्याहून कुणी येतं. मंदाताई आंबवड्याला असतात. त्यांचा नंबर माझ्या मोबाईलमध्ये आहे. दिवाळीला त्यांचा फोन येतो, मी उचलतो, मुलीची चौकशी करतो.

पॉइंट त्यांनी बरोबर ठेवला होता. चार बोटं वर, जिथं हवा होता तिथंच. फाईल मी पाठवली. नोंद मी पुसली. आणि वेल्ह्याच्या बाजारात, उजेडात, शुद्धीवर असताना, त्यांचा हात बिघडलाय असं त्यांना सांगणाराही मीच.