मुठा खोऱ्यातला झाकलेला फळा

सुनंदाच्या नावाने तिच्या शाळेत 'स्मार्ट वर्ग' करतोय, उद्घाटनाला या, असा पुण्यातल्या एका संस्थेचा फोन आला. सुनंदा माझी पत्नी, तिथे एकटीच शिक्षिका होती. गेल्या वर्षी ती गेली. बरं वाटायला हवं होतं. पण ती दुसरा शिक्षक मागून थकली, तेव्हा ही मंडळी कुठे होती, हेच मनात आलं. होकाराआधी एकट्याने बघून यायचं ठरवलं.

चांदणी चौकातून सकाळी लवकर निघा. पिरंगुटला खाऊन घ्या, मिसळ बरी मिळते, पुढे फारसं काही नाही. उरवड्यापर्यंत कारखान्यांचे ट्रक, मग घाट. वळणांवर हॉर्न द्या. दुचाकीला दोनशेचं पेट्रोल पुरतं. खाली उतरलं की भातखाचरं, आणि मध्येच फार्महाऊसची बंद फाटकं.

शाळा मुठे गावाच्या पुढे एका वाडीत आहे. दारातच शाळा समितीचे अध्यक्ष किसनराव भेटले.

"बाईंचे मालक नव्हं तुमी? या की! टीव्ही बघा, लई मोठा हाय."

"चालतो का?"

"उद्घाटनाला चालंल की!"

एकाच खोलीत चार इयत्ता. सुनंदा समोरासमोरच्या भिंतींवरचे दोन फळे वापरायची. लहान मुलं एकाकडे, मोठी दुसऱ्याकडे, पाठीला पाठ लावून. एकांना लिहायला देऊन ती दुसऱ्यांकडे वळायची. आता लहानांच्या फळ्यावरच तो टीव्ही ठोकला होता, वर जुनी चादर. सगळी मुलं एकाच भिंतीकडे बसलेली. तिच्या जागी आलेले जाधव सर चौथीची गणितं मांडत होते आणि पहिलीची पोरं एकमेकांना ढोसत होती.

चादर बघून मला सरांचाच संशय आला. वापरायचा कंटाळा असेल.

"वीज कमी-जास्त होते," सर म्हणाले. "बिघडला तर खुलासा मी द्यायचा."

"मग निदान फळा सोडून लावा म्हणायचं."

"संस्थेच्या लोकांना म्हणालो. दुसरीकडे खिडकीचा उजेड येतो, फोटो नीट येत नाही म्हणे. वर ऐकवलं, शिक्षकांना बदल नकोच असतो." मग ते म्हणाले, "तुमचं ऐकतील. नाव तुमच्या घरचं आहे."

"न्हाई म्हणू नका बरं का," किसनराव मागून म्हणाले. "मांडव सांगितलाय."

घरी येऊन संस्थेला फोन केला. टीव्ही हलवा, फळा मोकळा करा, मग नाव द्या.

"पण सर, फळ्याचं उद्घाटन कसं करणार?" तिकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"मग नाव नको. आणि हा नकार माझा आहे, शाळेचा नाही."

पुढच्या आठवड्यात सरांचा निरोप आला. टीव्ही काढून नेला. भिंतीला भोकं पडलीत, पण फळा वापरता येतो. किसनराव माझ्यावर चिडलेत. सुनंदाचं नाव आता त्या शाळेत कुठेच नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू.

टीव्ही म्हणे पलीकडच्या खोऱ्यातल्या शाळेला देणार आहेत. तिथला फळा कुठल्या भिंतीवर आहे, ते कुणी बघून आलं असेल असं मला वाटत नाही.