पाय न धुता ये

अगं ये, अशी जवळ बस. एवढी लांब कशाला, मी काय चावते का? आणि आधी तो मोबाईल पालथा ठेव. मांजरीहून गुलटेकडीला, पुण्यातल्या पुण्यात, यायला तुला सण लागतो, आणि आलीस की डोळे त्या काचेत. मावशी मेली तरी तुला स्टेटसवर कळेल. रागावू नकोस, रागावायची पाळी माझी आहे.

परवा फोनवर किती आनंदाने सांगितलंस, "मावशी, मनोरमाबाईंनी या वर्षी मला खुर्चीवर बसायला बोलावलंय." मी नुसतं "हं" म्हणाले आणि फोन ठेवला. तुला वाटलं, म्हातारी जळली. जळलेच. पण कशावर जळले ते तुला माहीत नाही. त्या खुर्चीवर तुझ्याआधी मी बसले आहे.

ऐक. चर्च भरलेलं. उत्तम शुक्रवार, म्हणजे तुमचा गुड फ्रायडे, त्याच्या आदल्या दिवशीचा गुरुवार, संध्याकाळची उपासना. पुढे वेदीसमोर खुर्च्यांची रांग, त्यावर आम्ही वस्तीतल्या बायका. माझे दोन्ही पाय पितळी घंगाळात. समोर मखमलीच्या उशीवर गुडघे टेकून मनोरमाबाई, कमरेला पांढरा टॉवेल. त्यांनी तांब्या तिरका केला, पाण्याची धार माझ्या पावलावर सोडली, आणि मान वर न करता हळूच म्हणाल्या, "जरा टाचा आत घ्या. फोटोत भेगा येतात."

मी टाचा आत घेतल्या.

बघ, अजूनही सांगताना पाय आपोआप मागे जातात. मार्केट यार्डात कांदा निवडण्यात जन्म गेला माझा. गोणपाटावर उकिडवं बसायचं, चिखल तुडवायचा, तुझे काका पलीकडे पोती वाहायचे. त्या भेगा काही मी हौसेनं पाडल्या नव्हत्या.

पण हे शेवटचं झालं. सुरुवात आधीची आहे.

मनोरमाबाई म्हणजे आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. आडनाव सांगत नाही. ते आडनाव ऐकलं की पुण्यात लोक खुर्ची पुढे करतात. त्यांचे पणजोबा ख्रिस्ती झाले, आमचेही झाले. पाणी तेच, बाप्तिस्मा तोच. फक्त त्यांचे पणजोबा वाड्यातून आले आणि आमचे नगरकडच्या गावातून, वेशीबाहेरून. त्यांच्या पणजोबांनी धर्म बदलला म्हणून घर सोडावं लागलं, हे दर वर्षी भाषणात सांगतात. आमच्या पणजोबांना सोडायला घर नव्हतं, म्हणून त्यांच्यावर भाषण नाही.

मला त्यांचा हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. त्यांच्या आवाजाचा वाटतो. त्या वाचायला उभ्या राहिल्या की पंखेसुद्धा हळू फिरतात असं वाटतं. इस्त्रीच्या सुती साडीचा वाटतो. त्यांच्या टाचांचा वाटतो, गुळगुळीत, सोललेल्या लसणासारख्या. एकदा मंडळात मी प्रार्थना केली, "देवा, तू हाय म्हणून आमी हाय." डोळे उघडले तर त्या हसत होत्या. म्हणाल्या, "'आहे' म्हणावं. देवाशी बोलतोय आपण." देव पुण्याचा आहे, हे मला तेव्हा कळलं.

पण सगळ्यात जास्त हेवा वाटायचा त्या टॉवेलचा.

तुला गोष्ट माहीत आहे. येशू जेवणावरून उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले, पेत्र नको नको म्हणत होता तरी त्याचेही. जे काम घरातल्या गड्यानं करायचं, ते गुरूनं केलं. आमच्या चर्चमध्ये त्या गुरुवारी महिला मंडळ तेच करतं. फक्त आमच्याकडे काय झालं, वाकणं हाच मोठा मान होऊन बसला. टॉवेल बांधायचा तो मंडळाच्या कमिटीतल्या बायकांनीच. खुर्चीवर बसायचं वस्तीतल्या बायकांनी. आता यात वरचं कोण आणि खालचं कोण, तूच सांग.

आणि आणखी एक. पाय धुवून घ्यायला येताना बायका घरून पाय धुऊन यायच्या. वजरीनं टाचा घासून, तेल लावून, कुणी तर नखं रंगवून. आदल्या रविवारी सूचनाच व्हायची, "पाय स्वच्छ करून यावे." आजवर त्या घंगाळात कुणाच्या पायाची माती उतरलेली मी पाहिली नाही. पाणी जसं ओतायचं तसं बाहेर मोगऱ्याच्या कुंडीत जायचं. मोगऱ्याला तरी त्याचा उपयोग.

घंगाळ माझं. माझ्या आईचं. पितळेचं, दिव्याखाली छान दिसतं, म्हणून दर वर्षी माझ्याकडून न्यायचे. चिंचेनं घासायची मी. टॉवेलला खळ देऊन इस्त्री करायची मी. घडी घालून त्यांच्या हातात द्यायची मी. आणि मग मागच्या बाकावर बसून बघायची, तो टॉवेल दुसऱ्याच्या कमरेला कसा शोभतो ते.

वर्षभर मी काय करते ते तू पाहिलं आहेस. आपल्या गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याकडे कोमट पाणी घेऊन जाते, पाय धुते, नखं कापते, बोटांच्या मधलं कोरडं करते. कुणी ख्रिस्ती, कुणी हिंदू, कुणी बौद्ध. पाण्याला विचारायची गरज पडत नाही. तिथं कुणी वाचन करत नाही, पेटी वाजत नाही. म्हातारी शिव्या देते, "हळू की गं, तुझ्या बापाचा पाय हाय का?" मला चालतं. ते मला उपासनेसारखंच वाटतं.

म्हणून एका वर्षी धीर करून विचारलं. टॉवेल त्यांच्या हातात देताना म्हणाले, "बाई, एकदा मला बांधू द्या की."

त्या इतक्या प्रेमानं हसल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर हे रोजच करता. तुम्हाला काय त्याचं अप्रूप? आम्हाला नम्रता शिकायची असते. तुमच्यात ती आहेच."

कौतुकच केलं होतं त्यांनी. घरी आले तरी ते कौतुक गिळता येईना.

उधळ्या पुत्राची गोष्ट आहे ना, सगळे त्या बापाचा पैसा उधळून परत आलेल्या धाकट्यावर प्रवचन करतात. मी कायम थोरल्याजवळ उभी असते, बाहेर, अंगणात. दिवसभर शेतात राबून आलाय, आत वाजंत्री वाजतेय, आणि त्याला कुणी बोलवायलासुद्धा गेलं नाही. वाजंत्री कशाची हे त्याला गड्याला विचारावं लागलं. पाळकसाहेब म्हणतात, तो मत्सरी होता. असेल. पण त्याच्या पायाला माती होती, एवढं मला दिसतं.

पुढच्या वर्षी टॉवेल मिळाला नाही, खुर्ची मिळाली. मनोरमाबाई म्हणाल्या, "यंदा तुमचे पाय मी धुणार. तुमच्या सेवेचा सन्मान." फोटोवाला सांगितला होता. मी वजरी घेतली, टाचा घासघासून रक्त काढलं. घंगाळ घासलं, टॉवेलला इस्त्री केली, आणि माझ्याच घंगाळात पाय घालून बसले.

आणि मग ते, टाचा आत घ्या.

मी घेतल्या. फोटो निघाला. त्यांनी टॉवेल टेकवल्यासारखा केला आणि उठायला लागल्या. पुढची खुर्ची.

मी म्हणाले, "थांबा, बाई. आता तुम्ही बसा."

"म्हणजे?"

"आता मी धुते."

त्या आजूबाजूला बघत हसल्या. "अहो, असं नसतं ते. तुमचे धुवायचे असतात. आमचे नाही."

मी खुर्चीवरून खाली उतरले. ओल्या पायांनी फरशीवर बसले आणि त्यांच्या पावलाकडे हात नेला. त्यांनी पाय असा आत ओढला, तापल्या तव्याला लागल्यासारखा. साडीत गेला, बोटसुद्धा दिसेना.

पोरी, ते ओढणं मी ओळखत होते. लहानपणी आईबरोबर गावी जायचे. आई पिठाच्या गिरणीवर दळण घेऊन उभी राहायची, तेव्हा पुढच्या बायका पदर असाच आत ओढायच्या. त्या बायका कधी चर्चला गेल्या नव्हत्या. ही बाई शास्त्र वाचून दाखवते.

तेव्हा माझ्या डोक्यातला तो टॉवेल गळून पडला. इतकी वर्षं मला वाटत होतं, मला तो देत नाहीत कारण मला नीट बोलता येत नाही, कारण मी शिकले नाही. तसं नव्हतं. मी टॉवेल बांधला असता तर कुणाच्या तरी पायाला हात लावला असता. आज तो पाय त्यांचा, उद्या दुसऱ्या कुणाचा. हात लावायचा तो त्यांनी. लावून घ्यायचा तो आम्ही. त्यालाच ते सेवा म्हणत होते.

मी म्हणाले, मोठ्यानं, मागच्या बाकापर्यंत जाईल असं, "पेत्र पण पाय देत न्हवता. येशूनं त्याला काय सांगितलं, ते दर वर्षी तुम्हीच वाचून दाखवता बाई. पाय दिला नाही तर माझ्यात तुला वाटा नाही."

पेटी थांबली. पाळकसाहेब खोकले. म्हणाले, "ताई, उपासना चालू आहे."

"माझी बी चालूच हाय," मी म्हणाले.

घंगाळ उचललं. बाहेर मोगऱ्याला पाणी घातलं. त्या पांढऱ्या टॉवेलनं घंगाळ आतून बाहेरून पुसलं, टॉवेल कठड्यावर टाकला, घंगाळ काखेत मारलं आणि निघाले. मागून मनोरमाबाईंचा आवाज आला, आता तो इतका गोड नव्हता, "अहो, घंगाळ राहू द्या. अजून बऱ्याच जणी बाकी आहेत."

तेवढंच बाकी होतं त्यांचं. पाय दिला नाही ते चाललं. घंगाळ गेलं ते खुपलं.

घरी आले तर शेजारची कमल दारात. तिच्या घरचे छप्पन सालापासून बौद्ध. सगळं ऐकून घेतलं, चहा टाकला आणि म्हणाली, "आमच्या बापानं असल्यांपुढं वाकणं छप्पन सालीच सोडलं. तुम्ही ख्रिस्ती होऊन सोडलंत, आणि मग खुर्चीवर बसून त्यांनाच वाकायला लावलंत. हौसच म्हणायची."

मला कमलचाही हेवा वाटला. तिच्या बापानं एकदाच ठरवलं आणि तिला सरळ पाठीचं आयुष्य मिळालं. मला रोज ठरवावं लागतं. तिला तसं म्हणाले तर म्हणते, "मग ठरव की रोज. कामं काय आहेत तुला?"

चर्च मी सोडलं नाही. का सोडू? येशू काही त्यांच्या पणजोबांनी वाड्यातून आणला नव्हता. रविवारी जाते, माझ्या बाकावर बसते, "हाय" म्हणून प्रार्थना करते. मनोरमाबाई सलाम करतात, मीही करते. आता त्यांनी स्टीलचा टब आणलाय. टॉवेलला इस्त्री कोण करतं, मला माहीत नाही. जळणं गेलंय म्हणशील तर नाही गेलं. दर वर्षी त्या गुरुवारी, त्या वेळेला, हात आपोआप कमरेकडे जातो. पण आता मला तो टॉवेल मागायचा नाही. जो टॉवेल फक्त एकाच बाजूनं फिरतो, तो माझ्या कमरेला नको.

आणि यंदा त्यांनी तुला बोलावलंय. "वस्तीतून वर आलेली मुलगी" म्हणून. हो, तसंच म्हणाल्या असणार, तू मान खाली घालू नकोस. तुझ्या कंपनीत तुला कुणी असं ओळखत नाही, आणि देवाच्या घरात ओळखतात. तुझे पाय छान आहेत, फोटो चांगला येईल. मी जाऊ नको म्हणणार नाही. तू मोठी आहेस. फक्त बसशील तेव्हा एकदा म्हणून बघ, "आता तुमचे द्या." पाय कुठे जातो ते बघ.

नाहीतर इथं ये. त्याच गुरुवारी, त्याच वेळेला. या वर्षी मी आपल्या दारात घंगाळ मांडणार आहे. टॉवेल जुनाच, घरातला, निळ्या रेघांचा. यार्डातल्या बायका येणार आहेत, कामावरून थेट. कमल येणार आहे. म्हणते, "मला तुमच्या देवाचं काही नको, पण पाय दुखतात." पहिलीचे मी धुणार. जिचे धुतले, ती उठेल आणि पुढचीचे धुईल. शेवटी मी बसणार, आणि माझे कुणीतरी धुवायचे. भेगांसकट, टाचा बाहेर. कुणी पाय आत ओढला तर तिनं निघून जावं, मग ती माझी सख्खी भाची का असेना.

फोटो काढायचा नाही. तुझा तो मोबाईल असाच पालथा राहील.

माझे तू धुवावेस, असं मला वाटतं. म्हणून नक्की ये. बसमधून उतरलीस की रिक्षा करू नकोस, यार्डाच्या मागच्या रस्त्यानं चालत ये, चपला घालून, धुळीतून. आणि घरून पाय न धुता ये.