कळण्याचं पीठ आणि पाण्याची नळी

मी मोटारीच्या रेडिएटरमध्ये दोन ओंजळी कळण्याचं पीठ ओतलं. स्वतःची चूक सांगायची ती अशी सरळ सांगावी. आढेवेढे घेतले की तिला युक्तिवादाचा वास येऊ लागतो, आणि मी तर पडलो धुळ्याच्या कोर्टातला वकील! त्या चुकीचा खरा वास मात्र अजून माझ्या नाकात दरवळतो. शिजत्या उडदाचा खरपूस, तापल्या रबराचा उग्र, आणि त्या दोहोंवरून हलकेच वाहत आलेला चैत्रातल्या कडुनिंबाच्या मोहराचा तो मंद, कडवट सुगंध.

लढाईचे दिवस होते. रबर नावाची वस्तू बाजारातून अंतर्धान पावली होती, आणि माझी तिसऱ्या हातची मोटार खालून थेंब थेंब अश्रू ढाळत होती. बार रूममध्ये कोणीतरी सांगितलं, चिमूटभर हळद टाका, छिद्र बुजतं. मी घरी येऊन विचार केला. अतिविचार हा माझा जन्मजात दोष! हळद ती काय चिकटणार? आपल्या खानदेशात ज्वारीत उडीद मिसळून दळलेलं कळण्याचं पीठ असताना, ज्याची भाकरी तव्यावरून काढताना बायका घामाघूम होतात, परक्या हळदीची मनधरणी का करावी? डबा हाताशी होता. प्रमाण कोणी सांगितलं नव्हतं. मी उदार झालो.

घाई होती, तिचंही कारण होतं. साक्रीला माहेरी माझ्या पत्नीला पहिला मुलगा झाला होता आणि त्या दिवशी दिवेलागणीच्या आत त्याचं बारसं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा. आत्या एकच, माझी अक्का. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं होऊन परतली ती माझ्यापायीच धुळ्यात राहिली. सासऱ्यांचं मोठं सौजन्यपूर्ण पत्र आलं होतं: आत्याबाईंना प्रवासाचा त्रास कशाला, इथे शेजारची एखादी सवाशीण पाळण्याशी बसेल. पत्र अक्कानंही वाचलं. घडी घालून परत देत म्हणाली, "बरोबर लिहिलंय रे त्यांनी. मी नको." मी म्हणालो, मी मोटारीनं नेणार. त्यासाठी पेट्रोलच्या चिठ्ठ्या चार महिने साठवल्या होत्या. "मग सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं तरी जाऊ," ती म्हणाली. पण मला तिला मानानं न्यायचं होतं. आणि खरं सांगू? सासुरवाडीच्या दारात भोंगाही वाजवायचा होता.

आम्ही निघालो; वाटेवरचं नेर गाव मागे पडलं आणि इंजिनातून खदखद ऐकू येऊ लागली. अक्का मागच्या आसनावरून शांतपणे म्हणाली, "काहीतरी शिजतंय." ज्या बाईनं तीस वर्षं चूल सांभाळली तिचं निदान चुकेल कसं? पुढच्याच वळणावर फट्‌ असा आवाज झाला, वाफेचा ढग उठला, आणि रस्त्याच्या धुळीत पांढुरका, दाटसर ओघळ सावकाश पसरला.

बाजूच्या मळ्यात मोट चालू होती. बैल थांबवून एक वृद्ध शेतकरी आला. उखा नाना म्हणून त्याला सगळा परिसर ओळखत असे. त्यानं बोटावर तो ओघळ घेतला, हुंगला, आणि माझ्याकडे अपार करुणेनं पाहिलं. "हाऊ तं घाटा शे! भाऊ, मोटारले घाटा कोन पाजस?"

फुटली होती ती खालची नळी. रेडिएटरच्या तळातून इंजिनाकडे जाणारी, डायनॅमोच्या पोटाखाली दडलेली, वीतभर लांबीची. इतकी वर्षं मी त्या मोटारीचे दिवे पुसले, पितळ घासलं, भोंग्याला तर लाडानं तेल दिलं. पण या नळीचं अस्तित्व मला फुटल्यावर कळलं. जे सतत तापतं, वाहून नेतं आणि तक्रार करत नाही, त्याच्याकडे पाहण्याची बुद्धी आपल्याला इतक्या उशिरा का होते? उपमा पुढे न्यायचा मोह होतो आहे, पण मागच्या आसनावर बसलेल्या बाईला ती आवडली नसती.

नानानं झोपडीतून मोटेच्या जुन्या सोंडेचं चामडं आणलं. विहिरीचं पाणी थारोळ्यात ओतणारी ती मोटेची चामड्याची सोंड; वर्षानुवर्षं पाणी पिऊन मऊ झालेली. "पानीच लई जावानं शे ना? मंग व्हई जाई." एवढं म्हणून त्यानं पट्टी कापली, काठीवर गुंडाळली, आरीनं दुहेरी टाका घातला, एरंडेल चोळलं. तोवर मी बादल्या ओतओतून मोटारीच्या पोटातला तो घाटा, ती शिजलेल्या पिठाची पेज, धूत होतो. सूर्य कलत होता. अक्का कडुनिंबाखाली बसून एकदाच म्हणाली, "ती सवाशीण बसली असेल आता पाळण्याशी." स्वरात दुःख नव्हतं. तेच मला सोसवेना.

नवी नळी तयार झाली, पण बसवणार कोण? माझा हात मनगटापाशी अडकला; वकिली अंगाला मानवली होती. नानाचा पंजा तर नांगराच्या फाळासारखा. मी तिसऱ्यांदा बोटं सोलून घेतली तेव्हा अक्का उठली. पदर खोचला आणि हात त्या काळ्या पोकळीत घातला. तो कृश हात, पंचवीस वर्षांत बांगडी न ल्यालेला, कुठेही न अडता सरळ आत गेला. मी मान फिरवली. त्या रिकाम्या मनगटाकडे लोक अशुभ म्हणून पाहत आले होते, आणि आता माझ्या मुलाचं बारसं त्याच्यावर येऊन थांबलं होतं! नळी तिनं आतल्या तोंडांवर चढवली, लोखंडी पट्टी धरली, चाचपडत पेच आवळला. "फिरव आता तुझं यंत्र," म्हणाली. चामडं क्षणभर पाझरलं, मग पाणी पिऊन फुगलं आणि गच्च बसलं.

साक्रीच्या वेशीत शिरलो तेव्हा उन्हं घरांच्या मातीच्या धाब्यांवर गेली होती. भोंगा वाजवायचं मी विसरलो. सवाशीण खरोखरच पाळण्यापाशी बसली होती. पण पत्नीनं बाळ छातीशी घट्ट धरलं होतं. "वन्सं आल्याशिवाय मी याला पाळण्यात घालू देणार नाही," हे ती दुपारपासून सांगत होती म्हणे. अक्का उंबऱ्याबाहेरच थबकली. कोपरापर्यंत काळे हात तिनं पदराआड घेतले. सासूबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं, मग त्या हातांकडे. त्यांनी तांब्या उचलला, शिकेकाई आणली आणि स्वतः त्या हातांवर पाणी घालू लागल्या. काळिमा बराचसा गेला. एरंडेल, चामडं आणि उडीद यांचा तो वास काही गेला नाही.

तोच वास घेऊन ती पाळण्यावर वाकली. माझ्या मुलानं या जगात भरसमारंभात घेतलेला पहिला श्वास त्या वासाचा होता, आणि आजही कुठे कळण्याची भाकरी भाजली जाऊ लागली की मला तो हात दिसतो, अंधारात शिरणारा, न अडणारा. तिनं बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. मग मान वर न करता, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि बाळा, पीठ भाकरीला असतं, मोटारीला नसतं. तुझ्या बापाला हे शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं."