लाइनीवर फोडलेलं खापर

कारागांदा शहराच्या पाणीपुरवठा कार्यालयात कुलशात एकोणीस वर्षं एकाच खुर्चीत बसत आली होती. समोरच्या पडद्यावर शहराभोवतीच्या सव्वीस पंपांचे आकडे येत. एखादा पंप गप्प झाला की फोन उचलायचा, हे तिचं काम. वय त्रेचाळीस, मुली शिकायला बाहेरगावी, नवरा बैसेन कोळशाच्या खाणीवर अवजड ट्रक चालवणारा. कार्यालयात तिची ओळख म्हणजे बैठकीत तोंड न उघडणारी बाई. पण अक्तोबेपासून बिश्केकपर्यंत विखुरलेली सत्तरेक माणसं तिला 'कुलशात-ताते', म्हणजे कुलशातताई, म्हणत आणि तिची मर्जी सांभाळून असत.

या सत्तर जणांना बांधणारी गोष्ट म्हणजे 'सोळा'. हा मारामारीचा एक जुना जपानी खेळ. लढायला सोळा गडी मिळत म्हणून सोळा. खरं नाव कोणाच्या जिभेवर बसलंच नाही. अठ्ठ्याण्णव साली खाणकामगारांच्या संस्कृती-भवनात, कोट टांगायच्या खोलीशेजारी, त्याचं एक मशीन होतं. कुलशात तिथे नाच शिकायला जायची. नाच राहिला आणि मशीन अंगात भिनलं. पुढे भवनाला कुलूप लागलं, खेळ काढणारी कंपनीही बुडाली. पण लागलेली खाज कंपनीला विचारून थोडीच जाते? कोणीतरी तो खेळ घरच्या संगणकावर चालवून दाखवला आणि दूरदूरची माणसं इंटरनेटवरून एकमेकांना बडवू लागली.

बडवू लागली म्हणायचं इतकंच. इकडे बटण दाबावं, चहाचा घोट घ्यावा, मग तिकडे ठोसा उठावा, असा सगळा कारभार. मात्र या उशिराचा एक मोठा फायदा होता. त्या सत्तर जणांत बारा वर्षांत कोणी कधी हरलंच नाही. जो हरे त्याची लाइन हरे. बिश्केकचा मेलिस नावाचा दातांचा डॉक्टर तर खेळ सुरू व्हायच्या आधीच लाइनीला शिव्या घालून घ्यायचा, म्हणजे नंतर घाई नको.

यात जिंकायचा तो एकटा तुर्सिनबेक. हा अक्तोबेचा, लग्नाच्या तोईत, म्हणजे मेजवानीत, माइक धरणारा असाबा, बोलण्यावरच पोट असलेला. त्याचा गडी एक ढेरपोट्या पैलवान. तो माणसाला पकडायचा, उचलायचा आणि आपटायचा. त्याच्या पकडीतून कोणीही सुटलं नव्हतं. आपल्या पकडीवर तुर्सिनबेक गटात इतकं बोलायचा की नवीन लोकांना वाटे हा खरोखरच कुस्ती खेळतो.

या उशिरावरचा उपाय कुलशातला सुचला तो कार्यालयात. लांबच्या पंपाचा आकडा यायला उशीर झाला की तिथला पडदा थांबून राहत नसे. मघाचाच आकडा धरून पुढे चालायचा आणि खरा आकडा आला की मागची नोंद दुरुस्त करून घ्यायचा. तिच्या मनात आलं, खेळही असाच का चालू नये? समोरच्याचं बटण येईपर्यंत वाट कशाला बघायची? तो मघाशी करत होता तेच करतोय असं धरून चालावं. अंदाज चुकलाच तर खेळ डोळ्याला कळणार नाही इतका मागे नेऊन सुधारून घ्यावा. माणूस बहुतेक वेळ मघाचंच करत असतो, याची तिला खात्री होती. बैसेन सोफ्यावर असेल असं न बघता म्हटलं तर दहात नऊदा खरं ठरायचं.

प्रोग्राम लिहायला ती पुस्तकांवरून शिकली. रविवारी सकाळी बाउरसाकचं, म्हणजे तळलेल्या फुगीर पावांचं, पीठ फुगत ठेवायचं आणि ते फुगेपर्यंत लिहायचं. असे दीड वर्ष रविवार गेले. बैसेनला एवढंच दिसे की बायको संगणकाशी भांडते आणि बाउरसाक दिवसेंदिवस जास्तच फुगतात.

पहिली आवृत्ती तिने गटात दिली आणि हाहाकार उडाला. खेळ विजेसारखा चाले, पण कधीकधी मेलेला गडी उठून उभा राही. मेलिसने समोरच्याला लोळवलं, आनंदाने खुर्चीवर चढून बायकोला हाक मारली, आणि बायको येईपर्यंत खेळाने आपली चूक सुधारून मेलिसलाच आडवं केलं होतं. बायकोने पडद्याकडे पाहिलं, खुर्चीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं, आणि परत आत गेली. कुलशातने त्याची माफी मागितली. दोन्हीकडून खात्री झाल्याशिवाय कोणाला मेलं म्हणायचं नाही, असा नियम तिने प्रोग्रामात घातला.

दुसरी आवृत्ती बिनचूक निघाली आणि खरं संकट आलं. तुर्सिनबेक ओळीने अकरा डाव हरला. त्याच्या पकडीतून लोक सटासट सुटू लागले, मेलिससुद्धा. गटात त्याने जाहीर केलं की तातेंनी खेळ बिघडवलाय, हे तर धडधडीत दिसतंय. कुलशातने दोन ओळींत उत्तर दिलं, की ये आणि एका मशीनवर बसून खेळून बघ, मध्ये लाइनही नाही आणि माझा प्रोग्रामही नाही.

तो खरंच आला. कारागांदात एक तोई त्याच्या वाट्याला आली होती. त्या दिवशी दुपारी तो मिठाईचा डबा घेऊन दारात उभा राहिला, अंगात सूट, केस चापून बसवलेले. कुलशातने दस्तरखान मांडला, दुधाचा चहा ओतला आणि एका पडद्याला खेळायचे दोन दांडे जोडले. सुटीवर असलेला बैसेन भिंतीला टेकून बघत बसला. नवऱ्यादेखत परका पुरुष बायकोला आपटणार हे त्याला आधी सांगून ठेवलं होतं, तरी त्याची नजर काही सैल होईना.

तुर्सिनबेकच्या पैलवानाने पकडलं. कुलशात सुटली. पुन्हा पकडलं, पुन्हा सुटली. सातव्यांदा त्याने दांडा बिघडलाय म्हणून बदलून घेतला. मग खुर्ची बदलली. मग कोट काढला. शेवटी दांडा खाली ठेवून तो म्हणाला, "ताते, यातून सुटता येतं?"

"पहिल्यापासून येतं. धरलं की लगेच आपणही पकडीचंच बटण दाबायचं. भवनातल्या मशीनवर आम्ही सगळे सुटायचो."

"मग बारा वर्षं कोणी सुटलं का नाही?"

"पकड दिसेपर्यंत उशीर झालेला असायचा."

तुर्सिनबेक चहाच्या वाटीत बघत राहिला. बैसेनला पकडीतलं काही कळलं नव्हतं, पण पाहुण्याचा चेहरा कळला. त्याने बाउरसाकची परात पुढे सरकवली. "खा रे. हरलेल्याला भूक जास्त लागते."

"म्हणजे मी जिंकत होतो ते लाइनीमुळे."

"थोडं तुझंही होतं," कुलशात म्हणाली.

"किती?"

तिला खोटं बोलता येत नसे. "पाव हिस्सा असेल."

त्याने सात बाउरसाक खाल्ले, बैसेनशी हात मिळवला आणि तोईला गेला. तिथे म्हणे वधूवरांना आशीर्वाद देताना, संसारात काही बिनसलं तर लाइनीला दोष देऊ नका, असं तो दोनदा म्हणाला. कोणाला अर्थ लागला नाही, पण म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

गटावर पुढचे काही महिने सुतक होतं. सबबच उरली नाही. आपण इतकं वाईट खेळतो हे आपल्याला ठाऊक नव्हतं, असं मेलिसने मोकळेपणी लिहिलं. अकरा जण कामं वाढल्याचं सांगून निघून गेले. कुलशात स्वतःही मधल्या फळीतली निघाली. आपण वरच्या पाचांत असू असा तिचा समज होता, त्यामुळे दोन दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. पण खेळायला नवीन माणसं येऊ लागली आणि वर्षाअखेर सत्तराचे दोनशे झाले. तुर्सिनबेकने खेळ पहिल्यापासून शिकायला घेतला. रोज हरायचा आणि, सगळ्यांना नवल वाटे, गुपचूप हरायचा.

हिवाळा सरता सरता त्याचा फोन आला. आढेवेढे घेत त्याने एक मागणं घातलं. नौरुझच्या, म्हणजे वसंतातल्या नववर्षाच्या, सुटीत सगळे घरी असतात, तेव्हा वर्षातून एक दिवस जुनी लाइन परत आणता येईल का?

"दीड वर्ष घालवून मी तो उशीर काढला," कुलशात म्हणाली, "आणि आता तो परत घालू?"

"एकच दिवस, ताते. माणसाला वर्षातून एकदा तरी बिनदोष हरता आलं पाहिजे."

"आणि तुला जिंकता."

"ते आलंच."

जुना उशीर हुबेहूब आणायला तिचे चार रविवार गेले. खराब लाइन नेमकी कशी खराब होती, हे आठवणं सोपं नव्हतं. नौरुझच्या दुसऱ्या दिवशी एकशे चाळीस माणसं खेळली. सबबींना मुभा होती आणि मेलिसने पहाटेपासूनच शिव्यांना सुरुवात केली. सोडून गेलेल्या अकरांतले सात परत आले. तुर्सिनबेकने सगळ्यांना आपटलं आणि पाऊण तास भाषण केलं. भाषण तुटकतुटक पोचलं, कारण त्या दिवशी त्याची खरी लाइनही बिघडली होती.

तेव्हापासून तो दिवस दरवर्षी होतो. इतर दिवसांत तुर्सिनबेक आता तिसरा-चौथा असतो, तोही स्वतःच्या हिमतीवर. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला मेक्सिकोहून एक पत्र आलं. तिकडच्या तीनशे माणसांचा असाच एक जुना, पोरका झालेला खेळ होता आणि ताते त्याला हात लावतील का, असं विचारलं होतं. बैसेनने मेक्सिको कुठे आहे ते नकाशात शोधलं आणि बाउरसाकला तूप आणून ठेवलं. कुलशातने उत्तर लिहिलं, की खेळ पाठवून द्या, बटाट्याची लावणी उरकली की बघते.