मधल्या जागा

रविवारची उपासना संपली की सॅम्युएलकाका चर्चच्या आवारातल्या बाकावर एकटेच बसतात आणि बोटाने लाकडावर ठोके देतात. एक ठोका, मग बराच वेळ काहीच नाही, मग दोन जरा जवळजवळ. मला त्यात काही ताल सापडेना. आज शेजारी बसून विचारलंच.

"मनोऱ्यातली माझी घंटा," ते म्हणाले. "आम्ही सहा जण वाजवायचो, आमची मार्था धरून. प्रत्येक फेरीत सहाही घंटा एकेकदाच, पण क्रम दर फेरीला बदलायचा. समोर कागद नाही, सगळं पाठ."

"सहाही घंटांचं?"

"छे! आपली वाट तेवढी पाठ करायची. कोणाच्या मागून निघायचं, कोणाला पुढे जाऊ द्यायचं."

बाकीचे पाचही आता नाहीत. वर दोर गुंडाळून ठेवलेत. काकांची वाट मात्र अजून पाठ आहे.

घरी मीही एकटीच. शांतता फार झाली की रेडिओ लावते आणि तो काय बोलतो तेही ऐकत नाही. काका मात्र प्रत्येक ठोक्यानंतर थांबत होते, समोर कोणी दोर ओढत असावं तसे.

मला राहवेना. त्यांना तेवढीच सोबत म्हणून मध्येच मीही बाकावर एक ठोका दिला.

त्यांचं बोट थांबलं.

"तिथे नको गं," ते हळूच म्हणाले. "ती मार्थाची जागा आहे."

आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.